गोदेचे पाणी आणि गुरूंची शस्त्रे

शिखांचे दहावे गुरू गुरू गोविंदसिंग यांच्या आयुष्याची अखेर १७०८ मध्ये नांदेडला झाली. त्यांच्या स्मृतीशी जोडलेली शस्त्रे येथील तख्तावर जतन केलेली आहेत आणि त्यांची स्वच्छता हा येथील परंपरेचा एक भाग आहे. शस्त्र निगराणीत ठेवणे आणि ते उचलण्याची घाई न करणे या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळणाऱ्या या महापुरुषाच्या जीवनाचा हा परिचय.

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागले की गोदावरीपलीकडे विष्णुपुरीचा परिसर येतो. वर्तमानपत्रांतून हे नाव बहुतेकदा पावसाळ्यात वाचायला मिळते. विष्णुपुरी प्रकल्पाचे दरवाजे उघडले की खाली नांदेडचे घाट पाण्याखाली जातात, एवढे शहर या जलाशयाशी बांधलेले आहे. विष्णुपुरीची दुसरी ओळख विद्येची. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून येथे आहे आणि त्याआधी, १९८१ मध्ये, येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्याला नाव दिले गेले ते गुरू गोविंदसिंग यांचे. लोखंड, पोलाद आणि यंत्रे यांचे शास्त्र शिकविणाऱ्या संस्थेला हे नाव देताना कोणी फार दूरचा विचार केला असेल वा नसेल. पण ते शोभून दिसते. कारण लोखंडाला, त्याच्या घडणीला आणि त्याच्या निगराणीला इतके मानाचे स्थान देणारा धर्मपुरुष भारताच्या इतिहासात विरळाच.

विष्णुपुरीहून वाहत येणारे हेच पाणी पुढे नांदेडच्या घाटांना लागते. रोज पहाटे अंधारातच गोदावरीची घागर भरून सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वारात नेली जाते आणि त्या पाण्याने तख्ताची सेवा होते. दिवाळीच्या सुमारास वर्षातून एकदा तख्तस्नानाचा सोहळा असतो. त्या दिवशी भाविकांच्या हातोहाती घागरी येतात, सारा परिसर धुऊन निघतो आणि तख्तावरची ऐतिहासिक शस्त्रे बाहेर काढून स्वच्छ केली जातात. या शस्त्रांमध्ये सोनेरी कट्यार, बाणांचा भाता, धनुष्ये, पोलादी ढाल, तलवारी यांच्या जोडीला एक तोड्याची बंदूकही सांगितली जाते.

देवस्थानात शस्त्रे असणे मराठी माणसाला नवे नाही. खंडेनवमीला आपल्याकडे तलवारीपासून शिवणयंत्रापर्यंत सारे काही पुसून, तेल देऊन पूजेला मांडले जाते. परंतु हुजूर साहिबच्या शस्त्रांमागे एका माणसाच्या बेचाळीस वर्षांच्या आयुष्याची कहाणी आहे. ती समजून घ्यायची तर आधी त्या काळातली बंदूक समजून घ्यावी लागते.

काळी दारू आणि पाणी

सतराव्या शतकातील हिंदुस्थानी बंदूक म्हणजे एक लांब लोखंडी नळी आणि तिला आधार देणारा लाकडी दस्ता. चामड्याच्या वाद्यांनी, तारेने किंवा पितळी पट्ट्यांनी नळी दस्त्याला बांधलेली असे. नळीच्या मागच्या टोकाशी एक बारीक भोक, त्याला कान म्हणत. कानाजवळच्या छोट्या वाटीत रंजक, म्हणजे बारीक दारू, घालायची. नळीत तोंडाकडून दारू आणि गोळी गजाने ठासायची. आणि चाप ओढला की पेटता तोडा रंजकीवर टेकून बार उडायचा. एक बार झाला की पुन्हा हा सारा खटाटोप.

ही दारू सोरा, गंधक आणि कोळसा यांची. ती जळते तेव्हा तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भागाचा वायू न होता क्षार व काजळी बनते आणि त्यातला काही अंश मागे उरतो. हा थर नळीत साचला की पुढची गोळी नीट उतरत नाही, कान बुजतो आणि ऐन वेळी रंजक पेटूनही बार होत नाही. त्याहून वाईट म्हणजे हे क्षार हवेतील ओल शोषून घेतात. संध्याकाळी उडविलेली बंदूक पावसाळी हवेत तशीच ठेवली, तर सकाळपर्यंत तिला गंज धरू लागतो.

यावर उपाय एकच, पाणी. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून बंदूक साफ करणारा आधी गज नळीत सोडून, आत बार भरलेला नाही ना, हे पाहतो. कारण तोंडाने भरायच्या बंदुकीत ते बाहेरून कळत नाही. मग बंध सोडून नळी दस्त्यापासून वेगळी करायची, तिच्यात पाणी ओतायचे, गजाला चिंधी गुंडाळून आतून घासायचे. पहिले पाणी शाईसारखे काळे निघते. ते निवळेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवायचे. सुईने कान मोकळा करायचा, नळी पूर्ण वाळवायची आणि मगच तेलाचा हलका हात फिरवायचा. ओल राहिली तर तेलाखालीच गंज चढतो. पुढे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तरफेच्या रायफली निघाल्या, १८६० ची हेन्री आणि १८७३ ची विंचेस्टर. त्यांची यंत्रणा स्क्रू काढून सुटी करावी लागे, तरफ व खटक्याचे भाग वेगळे पुसावे लागत. पण काडतुसात दारू काळीच होती, तोवर त्यांच्याही नळीला पाण्याची गरज चुकली नाही.

तेव्हा शस्त्राला पाण्याने स्नान घालणे हा केवळ श्रद्धेचा उपचार नव्हे. बंदूक बाळगणाऱ्या त्या काळच्या प्रत्येक शिपायाचे ते रोजचे काम होते. जो ते टाळी, त्याला त्याची किंमत रणात मोजावी लागे.

नऊ वर्षांचे गुरू

गोविंदराय यांचा जन्म २२ डिसेंबर १६६६ रोजी पाटण्याला झाला. वडील नववे गुरू तेगबहादूर, आई माता गुजरी. बालपणीची पहिली वर्षे पाटण्यात गेली आणि मग कुटुंब पंजाबात, शिवालिकच्या पायथ्याशी असलेल्या आनंदपूरला आले. तेथे त्यांना गुरुमुखी, ब्रज, संस्कृत व फारसी यांचे शिक्षण मिळाले. घोडेस्वारी, धनुर्विद्या व शस्त्रविद्याही सुरू झाली.

नोव्हेंबर १६७५ मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने गुरू तेगबहादूर यांचा दिल्लीत चांदणी चौकात शिरच्छेद करण्यात आला. काश्मिरी पंडितांच्या धर्मस्वातंत्र्यासाठी त्यांनी हे बलिदान पत्करले, अशी परंपरा आहे. नऊ वर्षांच्या गोविंदरायांवर गुरुपदाची जबाबदारी आली. वडिलांच्या हाती शस्त्र नव्हते आणि त्यांचे शिष्य हताश होऊन पाहत राहिले, ही गोष्ट या मुलाच्या मनात कायमची कोरली गेली असली पाहिजे. पुढच्या आयुष्यात त्यांनी जे जे केले, त्याच्या मुळाशी हा प्रसंग आहे.

गादीवर आल्यानंतर त्यांनी भाविकांकडून भेट म्हणून घोडे व शस्त्रे यावीत, असे कळविण्यास सुरुवात केली. यमुनाकाठी पाँवटा येथे काही वर्षे त्यांचा मुक्काम होता. तेथे कवी व पंडितांचा मोठा मेळा जमला. संस्कृतातील वीरकथा ब्रज भाषेत उतरविल्या गेल्या. एका हाती लेखणी व एका हाती शस्त्र, अशी ही वर्षे. १६८८ मध्ये भंगाणी येथे पहाडी राजांशी त्यांची पहिली मोठी लढाई झाली. तीत मुसलमान संत पीर बुद्धूशाह आपल्या मुलांसह व अनुयायांसह गुरूंच्या बाजूने लढले. त्यांचा झगडा कोणा एका धर्माशी नव्हता, हे तेव्हाच दिसले होते.

१६९१ मध्ये नादौनची लढाई झाली. तिचे वर्णन बचित्तर नाटक या आत्मकथनपर काव्यात आले आहे. त्यात गुरू प्रथम बंदूक उचलून नेम साधतात आणि नंतर ती बाजूला ठेवून बाण हाती घेतात. तोड्याच्या बंदुकीची रीत माहीत असलेल्या वाचकाला याचे नवल वाटणार नाही. एक बार उडाल्यावर पुन्हा भरण्यास जो वेळ लागतो, तेवढ्यात सराईत धनुर्धर कितीतरी बाण सोडतो. शस्त्राचे बळ आणि शस्त्राची मर्यादा या दोन्हींची जाण असलेल्या माणसाचे हे वर्णन आहे. दशम ग्रंथात समाविष्ट असलेल्या शस्त्रनाममाला या रचनेत शस्त्रांची नावे कोड्यांच्या रूपाने गुंफलेली आहेत आणि तिचा सर्वांत मोठा भाग बंदुकीने, म्हणजे तुपकने, व्यापला आहे.

लोखंडी कटोरा

आनंदपूरला परतल्यावर गुरूंनी तेथे गड बांधले. त्यांतील लोहगडावर शस्त्रे घडविली जात, असे परंपरा सांगते. पण गड आणि शस्त्रे पुरेशी नाहीत, ती धरणारी माणसे घडवावी लागतात, हे त्यांनी ओळखले होते.

१६९९ च्या बैसाखीला आनंदपुरात प्रचंड जनसमुदाय जमला. नंगी तलवार घेऊन गुरूंनी शिर देणारा कोण, असे विचारले. एकामागून एक पाच जण उठले. लाहोरचे दयाराम, हस्तिनापूरचे धरमदास, जगन्नाथपुरीचे हिंमतराय, द्वारकेचे मोहकमचंद आणि बिदरचे साहिबचंद. यांपैकी साहिबचंद न्हावी होते आणि त्यांचे बिदर म्हणजे आजच्या लातूर जिल्ह्याला लागून असलेला मुलूख. खालशाच्या पहिल्या पाचांत एक माणूस आपल्या शेजारचा होता, ही गोष्ट मराठवाड्यात अजूनही पुरेशी सांगितली जात नाही.

गुरूंनी लोखंडी कटोऱ्यात पाणी घेतले, त्यात बत्तासे घातले गेले आणि गुरूंनी दुधारी खंड्याने ते ढवळून अमृत तयार केले. पाचांना ते पाजल्यानंतर स्वतः त्यांच्यापुढे हात जोडून तेच अमृत मागून घेतले. गोविंदराय तेव्हापासून गोविंदसिंग झाले. कटोरा एकच असल्याने जातीची उतरंड त्या पाण्यात विरघळली. कृपाण हे पाच ककारांपैकी एक ठरले. शस्त्र बाळगणे हा राजे-सरदारांचा मान होता. तो न्हावी, धोबी, शेतकरी यांच्या कमरेला आला. त्याबरोबर ते शस्त्र स्वच्छ ठेवण्याची, जपून वापरण्याची जबाबदारीही आली. होळीच्या दुसऱ्या दिवशी होला मोहल्ला भरवून कवायती आणि लुटुपुटीच्या लढाया घेण्याची प्रथा त्यांनीच सुरू केली. तीच परंपरा नांदेडमध्ये हल्ल्याच्या मिरवणुकीच्या रूपाने आजही पाहायला मिळते.

सारे काही गेले तेव्हा

पहाडी राजे व मोगल फौज यांनी आनंदपूरला दीर्घ वेढा दिला. सुखरूप जाऊ देण्याच्या शपथा मिळाल्यावर गुरूंनी गड सोडला. परंपरेने हा काळ डिसेंबर १७०४ चा मानतात. काही अभ्यासक तो १७०५ चा धरतात. शपथा मोडल्या गेल्या. थंडीत दुथडी भरलेली सिरसा नदी ओलांडताना कुटुंबाची ताटातूट झाली आणि वर्षानुवर्षे जमविलेली हस्तलिखिते वाहून गेली. चमकौरच्या गढीत मूठभर शिखांसह गुरूंनी मोठ्या फौजेला तोंड दिले. थोरले दोन पुत्र, अजितसिंग आणि जुझारसिंग, तेथे धारातीर्थी पडले. धाकटे जोरावरसिंग आणि फतेहसिंग यांना सरहिंदचा सुभेदार वजीरखान याने भिंतीत चिणून ठार केले. माता गुजरींनीही तेथेच प्राण सोडला.

चार पुत्र, आई, घर, ग्रंथसंपदा, सारे काही एका आठवड्याच्या आत गेले. यानंतर सूडाशिवाय दुसरे काही सुचू नये. गुरूंनी मात्र लेखणी उचलली आणि औरंगजेबाला फारसीत जफरनामा हे पद्यमय पत्र पाठविले. मोडलेल्या शपथांचा त्यात जाब आहे, आणि इतर सारे मार्ग खुंटल्यानंतरच शस्त्र धरणे न्याय्य ठरते, हे सूत्रही. म्हणूनच त्यांच्या शस्त्रांकडे पाहताना हे पत्र डोळ्यांआड करून चालत नाही.

पुढे तलवंडी साबो येथे, आजच्या दमदमा साहिबला, गुरू काही महिने राहिले. तेथली एक कथा शीख घराघरांत सांगितली जाते. स्थानिक चौधरी डल्ला याला आपल्या माणसांचा मोठा अभिमान होता. आनंदपुरात मी असतो तर चित्र वेगळे दिसले असते, असे तो म्हणे. एके दिवशी एका भाविकाने नवी बंदूक भेट आणली. नेम पाहण्यासाठी एक माणूस उभा कर, असे गुरूंनी डल्ल्याला सांगितले. कोणीही पुढे आले नाही. मग निरोप गेला तो दोन शिखांकडे. बाप-लेक असलेले हे दोघे अर्धवट बांधलेल्या पगडीनिशी धावत आले आणि पुढे कोणी उभे राहायचे यावर आपसांत भांडू लागले. गुरूंनी बार त्यांच्या डोक्यावरून काढला. परीक्षा बंदुकीची नव्हतीच. हातात चांगले शस्त्र असणे आणि मागे खरा माणूस असणे यांतला फरक डल्ल्याला दाखवायचा होता. याच तलवंडीत गुरूंनी भाई मणीसिंग यांच्याकडून आदिग्रंथाची प्रत सिद्ध करवून घेतली आणि तीत आपल्या वडिलांच्या रचना घातल्या. बंदूक आणि ग्रंथ येथेही एकाच अंगणात होते.

गोदाकाठी

मार्च १७०७ मध्ये औरंगजेबाचा अहमदनगरजवळ मृत्यू झाला. वारसायुद्धात गुरूंनी बहादूरशाहाला साथ दिली. आग्रा येथे नव्या बादशहाने त्यांचा सन्मान केला. सरहिंदच्या अपराधाला न्याय मिळावा यासाठी गुरूंची बोलणी सुरू होती. बादशहा आपला भाऊ कामबक्ष याच्याशी सामना करण्यासाठी दक्षिणेकडे निघाला, तेव्हा गुरूही त्या वाटेने आले आणि १७०८ च्या पावसाळ्यात नांदेडला पोचले. न्याय मिळत नाही हे तोवर स्पष्ट होत आले होते.

नांदेडचा मुक्काम काही महिन्यांचाच. पण या शहराच्या भूगोलावर त्याची खूण जागोजाग आहे. शिकारघाट, नगीनाघाट, हिराघाट, मालटेकडी, संगत साहिब, प्रत्येक ठिकाणाशी एक आख्यायिका जोडलेली आहे. संगत साहिबला गुरूंनी ढालीने मोजून द्रव्य वाटले, असे सांगतात. गोदाकाठी आश्रम करून राहिलेला बैरागी माधोदास येथेच त्यांचा शिष्य झाला. पुढे बंदासिंग बहादूर म्हणून त्याचे नाव झाले. गुरूंनी त्याला आपल्या भात्यातील पाच बाण देऊन पंजाबात पाठविले. बोलणी संपल्यानंतरच हे बाण भात्याबाहेर आले, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. १७१० मध्ये बंदासिंगाने सरहिंद जिंकले.

ते पाहण्यास गुरू राहिले नव्हते. नांदेडच्या छावणीत एका पठाणाने त्यांच्यावर कट्यारीने वार केला. जखम शिवली गेली, ती भरतही आली. पण एक कठीण धनुष्य समोर आले तेव्हा ते ओढून पाहण्याचा मोह त्यांना आवरला नाही आणि टाके तुटले, असे परंपरा सांगते. हाती आलेले शस्त्र पारखून पाहण्याची जन्मभराची सवय अखेरच्या दिवसांतही सुटली नव्हती. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे बेचाळिसाव्या वर्षात होते.

जाण्यापूर्वी त्यांनी गुरुपदाचा प्रश्न कायमचा सोडविला. यापुढे कोणी मानवी गुरू नाही. गुरू ग्रंथसाहिब हाच गुरू. ज्या ग्रंथाला नांदेडमध्ये हा मान मिळाला, त्यात संत नामदेवांची एकसष्ट पदे आहेत आणि नामदेवांचे नरसी येथून फार दूर नाही. आयुष्यभर शस्त्र सांभाळलेल्या माणसाने गादीवर शस्त्र ठेवले नाही, ग्रंथ ठेवला. शस्त्रांच्या वाट्याला सेवा आली.

महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात गुरूंच्या अंत्यसंस्काराच्या जागी आजचे मंदिर उभारले. २००८ मध्ये गुरुतागद्दीची त्रिशताब्दी साजरी झाली आणि त्या निमित्ताने शहराचे रूप पालटले. जगभरातून लाखो यात्रेकरू येऊन गेले. संध्याकाळी शस्त्रदर्शन होते, तेव्हा ग्रंथी एकेक शस्त्र उचलून त्याची माहिती सांगतात. पाहणाऱ्याचे डोळे सोन्याच्या मुठीवर आणि रत्नांवर खिळतात. साध्या लोखंडाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

वास्तविक निगराणी लागते ती लोखंडाला. सोने गंजत नाही. लोखंड मात्र दुर्लक्ष सहन करीत नाही आणि एकदा गंजले की पूर्ववत होत नाही. खालशाची घडण करताना गुरूंनी सोन्याचांदीचे पात्र न घेता लोखंडी कटोरा घेतला. जे स्वस्त आहे, सर्वांच्या आवाक्यात आहे आणि ज्याला रोज हात लावावा लागतो, असा धातू त्यांनी आपल्या लोकांच्या हाती दिला. ते रोजचे काम टाळणाऱ्याला शस्त्राचा अधिकार उरत नाही आणि ते करणाऱ्याला शस्त्राचे वजन कळते. ज्याने नळी धुतली आहे, कान मोकळा केला आहे, आत बार नाही याची खात्री करून घेतली आहे, तो ती उगाच कोणावर रोखत नाही.

विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी संस्थेतून दरवर्षी शेकडो तरुण बाहेर पडतात. त्यांच्या हाती तलवार वा बंदूक नसते. यंत्रे, पूल, संगणक आणि वीज यांचा कारभार असतो. ही साधनेही लोखंडाइतकीच निगराणी मागतात आणि बेपर्वा हातात तितकीच घातक ठरतात. ज्यांच्या नावाचे प्रमाणपत्र हे तरुण घेऊन जातात, त्यांची शस्त्रे नदीच्या त्याच प्रवाहावर काही मैल खाली आहेत आणि येत्या दिवाळीतही गोदावरीच्या घागरींनी त्यांची सेवा होईल.